नव्या इंजिनाची पहिली वीस मिनिटे

जात्याला टाकी लावून घेतली की त्यावर लगेच भाकरीचे पीठ दळत नसत. आधी पसाभर कोंडा किंवा जाडेभरडे धान्य दळायचे आणि ते टाकून द्यायचे. दगडावर नुकत्याच पाडलेल्या टाक्यांची कच त्याबरोबर निघून जाई आणि मग जाते कामाला लागे. एकमेकांवर घासणाऱ्या कोणत्याही दोन नव्या पृष्ठभागांना असा थोडा वेळ द्यावा लागतो. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच. इंजिन नव्याने बांधून घेतले की पूर्वी गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावत. याचा अर्थ असा, की गाडी सावकाश चालली आहे, इंजिन नवे आहे, तुम्ही पुढे जा.

पिस्टन, रिंगा, बेअरिंगे यांच्या दृष्टीने हा सल्ला चुकीचा नाही. पण त्याच इंजिनात भागांची एक जोडी अशी असते की तिला सुरुवातीचा हा सावकाशपणा मुळीच मानवत नाही. इंजिन सुरू करून ‘नवे आहे, जरा हळूच फिरू दे’ म्हणून ते पंधरा-वीस मिनिटे मंद गतीवर सोडून दिले, तर एवढ्यातच ही जोडी कायमची निकामी होऊ शकते. ही जोडी म्हणजे कॅम आणि त्यावर टेकलेला टॅपेट. काळजी म्हणून केलेली गोष्ट इथे घातक का ठरते, ते या लेखात पाहू. त्यासाठी घर्षण, वंगण, तरफ, जडत्व आणि थोडे रसायनशास्त्र अशा शाळेत शिकवल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी लागतात.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेण्यासाठी आणि जळालेला वायू बाहेर सोडण्यासाठी झडपा असतात. त्या योग्य क्षणी उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. हा एक लांब दांडा असून त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. या उंचवट्यांना कॅम म्हणतात. कॅमवर एक लहान दंडगोल उभा टेकलेला असतो, तो टॅपेट. कॅमचे निमुळते नाक टॅपेटखाली आले की टॅपेट वर उचलला जातो. तो पुशरॉड नावाच्या सळीला ढकलतो, सळी रॉकर नावाच्या तरफेचे एक टोक उचलते आणि तरफेचे दुसरे टोक झडप खाली दाबून उघडते. नाक पुढे सरकले की झडपेवरची जोरदार स्प्रिंग तिला पुन्हा बंद करते.

अशी रचना जगभरच्या लक्षावधी गाड्यांत होती. आपल्याकडच्या अँबॅसडरमध्ये आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी २०२३ पर्यंत चालवलेल्या प्रीमियर पद्मिनीमध्ये सपाट बुडाचे टॅपेटच होते. पण या जोडीच्या अकाली झिजेची सर्वांत जास्त चर्चा झाली ती अमेरिकेत, कारण तिथे जुनी व्ही-८ इंजिने घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बांधण्याचा छंद फार मोठा आहे. शेव्हरोलेने १९५५ मध्ये बाजारात आणलेले आठ सिलिंडरचे ‘स्मॉल ब्लॉक’ हे त्यांचे लाडके इंजिन. आपणही तेच उदाहरण घेऊ.

या इंजिनात सोळा झडपा आणि सोळा टॅपेट. झडप पूर्ण उघडली असताना साध्या स्प्रिंगचा जोर सुमारे ९० किलो भरतो असे धरा. रॉकरची झडपेकडची भुजा पुशरॉडकडच्या भुजेच्या दीडपट लांब असते. तेव्हा तरफेच्या नियमाने टॅपेटवर, म्हणजेच कॅमच्या नाकावर, ९० गुणिले दीड, अर्थात १३५ किलोंचा भार येतो. दोन माणसांच्या वजनाएवढा हा भार किती जागेवर टेकतो? इथे दाब एका चौरस सेंटिमीटरला दहा टनांच्या घरात असतो. मुलांना भागाकार करायला सांगा. क्षेत्रफळ सुमारे १.३५ चौरस मिलिमीटर येते, म्हणजे मोहरीच्या दाण्याखाली झाकली जाईल एवढी जागा. गाडी वेगाने पळावी म्हणून हौशी लोक अधिक ताठ स्प्रिंगा बसवतात. तेव्हा हा भार सव्वादोनशे किलोंपर्यंत सहज जातो. साऱ्या इंजिनात एवढा दाब सोसत घासणारी दुसरी जागा क्वचितच असेल.

आता वंगणाकडे वळू. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये तेल पंपाच्या दाबाने येते आणि फिरणारा दांडा त्या तेलावर अक्षरशः तरंगतो. तिथे धातूला धातू जवळजवळ लागतच नाही. कॅमच्या नाकाचे तसे नाही. शेव्हरोलेच्या या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर वर, मधोमध असतो आणि त्याच्या नाकांना पंपाकडून थेट तेल मिळत नाही. वेगाने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवरून जे तेल उडते, त्याचे शिंतोडे आणि वरून ओघळणारे थेंब, एवढ्यावर त्याचे काम चालते. चिखलातून सायकल हळू नेली तर पाठीवर काही उडत नाही, जोरात नेली तर सदरा माखतो. इंजिन मंद गतीवर असताना कॅमच्या वाट्याला शिंतोडे कमी येतात, ते याच कारणाने.

शिवाय जे तेल मिळते ते त्या मोहरीएवढ्या जागेत शिरायला हवे. फिरणारे पृष्ठभाग तेलाला आपल्याबरोबर ओढत नेतात आणि फटीत पाचरीसारखे घुसवतात. वेग जितका जास्त तितका हा थर जाड. मिनिटाला ७०० फेऱ्यांऐवजी २००० फेऱ्यांनी इंजिन फिरवले तर हा थर साधारण दुप्पट होतो. तरीही तो असतो मायक्रॉनच्या काही दशांशांएवढाच. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज यावा. आणि कॅमच्या प्रत्येक फेरीत नाकाच्या आगेमागे असे दोन क्षण येतात की तेल आत ओढणारा वेग शून्यावर येतो. त्या क्षणी थर केवळ आधीच्या पुण्याईवर टिकतो.

आणखी एक मुद्दा जडत्वाचा. टॅपेट वर जाऊन परत फिरतो तेव्हा त्याला आणि त्याच्यावरच्या सगळ्या भागांना थांबवून खाली वळवण्याचे काम स्प्रिंग करते. म्हणजे तिच्या जोराचा काही भाग तिकडे खर्च होतो आणि उरलेलाच कॅमच्या नाकावर पडतो. वेग वाढेल तसा हा खर्च वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून नाकावरचा भार सर्वांत जास्त असतो तो इंजिन सर्वांत हळू फिरत असताना. पुष्कळ लोक ऐकून हसतात, पण हे खरे आहे. अर्थात २००० फेऱ्यांना हा फायदा थोडकाच असतो. तिथे खरा फायदा असतो तो जाड थराचा आणि शिंतोड्यांचा. मंद गतीवर मात्र तिन्ही गोष्टी एकदमच विरोधात जातात.

सपाट नसलेला सपाट टॅपेट

टॅपेटचे बूड डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसते, पण ते तसे नसते. त्याचा मधला भाग कडेपेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटर उंच ठेवलेला असतो. कॅमचा माथाही आडव्या दिशेने किंचित उतरता घासलेला असतो आणि कॅम टॅपेटच्या बरोबर मध्याखाली नसून थोडा एका बाजूला असतो. हा काटेकोरपणा कशासाठी? एक प्रयोग करू. डब्याचे एखादे गोल, हलके झाकण घ्या, मध्यावर भोक पाडून लाकडी फळीवर खिळ्याने सैलसर अडकवा. झाकणावर बोट टेकवून मध्यातून सरळ रेघ ओढा. झाकण हलत नाही. आता मध्यापासून दोन बोटे बाजूला तशीच रेघ ओढा. झाकण फिरते. टॅपेटचे हेच होते. कॅम त्याला मध्यापासून जरा बाजूला घासतो, म्हणून दर धक्क्याला टॅपेट स्वतःभोवती थोडा वळतो. त्यामुळे घर्षण एकाच रेषेवर न पडता टॅपेटच्या साऱ्या बुडावर वाटले जाते आणि काही अंशी घासण्याची जागा लोळणे घेते.

हे फिरणे थांबले की खेळ संपला. एकाच जागी घासून टॅपेटच्या बुडाला खड्डा पडतो. बाहेरून फुगीर असलेले बूड आत वाकले की ते पुन्हा कधीच फिरत नाही. खड्ड्याच्या कडा कॅमचे नाक कानशीसारखे खाऊ लागतात. कॅम आणि टॅपेट साधारणपणे बिडाचे असतात आणि त्यांची फक्त वरची कातडी कठीण केलेली असते. ती कातडी फाटली की आतला मऊ धातू भराभर जातो. नाकाची उंची कमी होते, झडप पुरेशी उघडत नाही, वरून टकटक आवाज येऊ लागतो आणि निघालेली लोखंडाची पूड तेलाबरोबर साऱ्या बेअरिंगांत फिरते. मग एक कॅम बदलून भागत नाही, इंजिन पुन्हा खोलावे लागते. आठवडाभराची मेहनत आणि बोअरिंगपासूनचा सगळा खर्च पाण्यात जातो.

जुन्या कॅमशाफ्टवर नवे टॅपेट चालतात, पण नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट कधीच चालत नाहीत. याचे कारणही हेच आहे. चाललेल्या टॅपेटचे बूड त्याच्या जुन्या जोडीदाराशी जुळून गेलेले असते. म्हणूनच चांगला मिस्त्री इंजिन खोलताना टॅपेट एका डब्यात एकत्र टाकत नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्यात, किंवा भोके पाडून क्रमांक घातलेल्या फळीत, ज्याचा त्याचा ठेवतो. पुन्हा बसवताना प्रत्येक टॅपेट आपल्याच कॅमवर जातो.

काचेचा थर

तेलाचा थर इतका पातळ असेल तर धातूचे सूक्ष्म कंगोरे एकमेकांना लागणारच. मग ही इंजिने लाखभर मैल चालली कशी? याचे उत्तर तेलात घातलेल्या एका रसायनात आहे. त्याचे नाव लांबलचक आहे, झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. सगळे जण झेडडीडीपी म्हणतात, आपणही तसेच म्हणू. त्यात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असते. १९४० च्या दशकात ते तेलात घातले जाऊ लागले ते बेअरिंगे गंजू नयेत आणि तेल लवकर खराब होऊ नये म्हणून. ते झीजही थांबवते हे नंतर ध्यानात आले.

हे रसायन घासणाऱ्या जागी उष्णतेने आणि दाबाने फुटते आणि धातूवर जस्त-लोहाच्या फॉस्फेटचा एक काचेसारखा थर धरते. त्याची जाडी मायक्रॉनच्या एक दशांशाच्या आसपास असते. मग घासतो तो हा थर, धातू नव्हे. तो झिजतो, पुन्हा धरतो. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट कार्पिक यांच्या गटाने अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग तेलात घासत असतानाच हा थर वाढताना मोजला. दाब वाढवला की थर अधिक वेगाने वाढतो असे त्यांना दिसले. ज्या जागी गरज जास्त तिथेच संरक्षण जास्त, अशी ही सोय आहे. मात्र थर धरायला वेळ लागतो. नव्या कॅमवर सुरुवातीला तो नसतोच. पहिल्या काही मिनिटांत एकीकडे कंगोरे मोडत असतात आणि दुसरीकडे थर धरत असतो, आणि या दोहोंत कोण आधी पोचतो यावर कॅमचे आयुष्य ठरते.

इथे गोष्टीला एक वळण आहे. १९७५ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना धुरातले विषारी वायू कमी करणारे उत्प्रेरक यंत्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसू लागले. आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना ते १९९५ मध्ये सक्तीचे झाले. इंजिनात थोडे तेल जळतेच. त्यातला फॉस्फरस या यंत्रातल्या प्लॅटिनमसारख्या धातूंवर बसतो आणि त्यांना निकामी करतो. म्हणून तेलातल्या फॉस्फरसवर मर्यादा आली. पातळ जातीच्या पेट्रोल-तेलांसाठी ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ०.१२ टक्के होती, १९९६ मध्ये ०.१० आणि २००४ मध्ये ०.०८ टक्के झाली. शहरांच्या हवेसाठी हे योग्यच होते. नव्या इंजिनांची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण शेव्हरोलेच्या याच इंजिनात १९८७ पासून टॅपेटच्या टोकाला फिरते चाक आले होते. जिथे घासणे नाही, लोळणे आहे, तिथे काचेच्या थरावाचून फारसे अडत नाही.

अडले ते जुनी इंजिने बांधणाऱ्यांचे. तेच इंजिन, तोच मिस्त्री, त्याच कंपनीचे तेल, आणि कॅम मात्र पहिल्याच दिवशी खाल्लेला, अशा तक्रारी २००४ नंतर वाढल्या. सगळे खापर तेलावर फोडणे आम्हाला पटत नाही. नव्या तेलांनाही घासणाऱ्या जोडीच्या झिजेची चाचणी पार करावी लागतेच, आणि साध्या स्प्रिंगांवर रुळलेले इंजिन त्यांवर चालते. पण ताठ स्प्रिंगा, अधिक उभ्या चढाचा कॅम, कोरे पृष्ठभाग आणि वर मंद गती असे सगळे एकत्र आले की पूर्वी तेलातल्या जास्तीच्या झेडडीडीपीने जी चूक पोटात घातली असती, ती आता उघडी पडते. उपाय म्हणून रुळवण्यासाठी जास्त फॉस्फरसचे खास तेल मिळते. ही मर्यादा २० डब्ल्यू ५० सारख्या जाड तेलांना लागू नाही, हेही सांगायला हवे. मात्र बाटलीमागून बाटली ओतण्यात अर्थ नाही. रसायन प्रमाणाबाहेर गेले तर तेच धातूला खाऊ लागते.

सुरू करण्यापूर्वी आणि नंतर

खरे काम किल्ली फिरवण्याआधीच होते. प्रत्येक टॅपेट आपल्या भोकात कोरडा सोडून पाहतात. तो स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे आणि बोटाने सहज फिरला पाहिजे. भोकात बारीकशी कोर उभी असली तरी टॅपेट फिरणार नाही. कॅमच्या नाकांना आणि टॅपेटच्या बुडांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा काळा लेप चोपडतात. त्याचे पापुद्रे पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात आणि पहिले शिंतोडे येईपर्यंत धातू वेगळे ठेवतात. चांगल्या नव्या कॅमशाफ्टचा रंग काळपट असतो, तो फॉस्फेटच्या संस्कारामुळे. या थराच्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून राहते. तो घासून चकचकीत करायचा मोह टाळावा. स्प्रिंगा जोडीच्या असतील तर रुळवण्यापुरती आतली काढून ठेवतात.

मग तेलाच्या नळ्या भरून घ्यायच्या. शेव्हरोलेच्या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याने फिरतो. डिस्ट्रिब्यूटर काढून त्या जागी एक सळी घालतात आणि विजेच्या ड्रिलने पंप फिरवतात. वर रॉकरपर्यंत तेल आले की थांबतात. रेडिएटरमध्ये पाणी, कार्बुरेटरमध्ये पेट्रोल, ठिणगीची वेळ, सगळे आधीच जुळवलेले हवे. इंजिन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच पकडले पाहिजे. स्टार्टर मारत बसलो तर तो सगळा लेप अगदी मंद गतीवर पुसून जातो, आणि जास्तीचे पेट्रोल सिलिंडरवरून खाली उतरून तेल पातळ करते, ते वेगळेच.

इंजिन पकडले की लगेच गती २००० फेऱ्यांवर न्यायची. १५०० च्या खाली येऊ द्यायचे नाही, मधूनमधून २५०० पर्यंत चढवायची आणि उतरवायची, म्हणजे शिंतोडे वेगवेगळ्या कोनांतून उडतात. असे वीस मिनिटे चालवायचे. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणजे या वेळात प्रत्येक नाक आपल्या टॅपेटला वीस हजार वेळा भेटते. काही मिस्त्री आधी पुशरॉडवर खडूची खूण करतात आणि झाकण काढून पाहतात. टॅपेट फिरत असेल तर सळीही फिरते आणि खूण गरगरताना दिसते. एखादी खूण जागेवरच नाचत असेल तर इंजिन तत्क्षणी बंद करायचे. पाणी गळले, तेल गळले, काही बिघडले, तरीही मंद गतीवर ठेवून पाहत बसायचे नाही. बंद करायचे, दुरुस्त करायचे, आणि पुन्हा सुरू करून उरलेली मिनिटे पुरी करायची. हे सगळे उघड्या जागेत, कारण बंद खोलीत वीस मिनिटांच्या धुरात माणूस दगावेल.

अँबॅसडर किंवा पद्मिनीच्या स्प्रिंगा यापेक्षा नरम, त्यामुळे त्यांचे कॅम आपल्या गॅरेजांतल्या सवयी पुष्कळ सोसतात. तरीही रीत तीच. इंजिन बांधून झाल्यावर ‘जरा घुमू दे’ म्हणून चहाला जाणारा मिस्त्री दिसला, तर हा हिशेब त्याला जरूर सांगावा. रिंगांसाठी म्हणून गाडी सावकाश चालवायची ती या वीस मिनिटांनंतर.

वीस मिनिटे झाली की तेल गरम असतानाच चेंबरमधून काढून टाकतात आणि फिल्टरही बदलतात. हे काढलेले तेल मुलांना दाखवण्यासारखे असते. कागदी फिल्टर कापून उलगडा, घड्यांमध्ये चुंबक फिरवा. बोटाला लागेल न लागेल अशी करडी पूड चिकटली तर ती मोडलेल्या कंगोऱ्यांची आहे. जात्यातून पहिल्या दळणाबरोबर निघणाऱ्या कचेसारखी, आणि तेवढीच. पण चकाकणारे, नखाला टोचणारे कण चुंबकावर उभे राहिले, तर झाकणे पुन्हा काढून सोळाही झडपांची उघडीप डायल गेजने मोजावी लागते. जी कमी उघडते, तिच्याखालचा टॅपेट बाहेर काढून त्याच्या बुडावर पोलादी पट्टीची कड उभी धरावी आणि उजेडाकडे पाहावे. बूड ठीक असेल तर कडांशी उजेड दिसतो, मध्ये नाही.